सही राष्ट्रपतींची, निर्णय कोणाचा?

तालुक्याच्या गावी मोर्चा निघाला, की तो तहसील कचेरीच्या फाटकाशी येऊन थांबतो. चार-पाच जणांचं शिष्टमंडळ आत जातं, तहसीलदारांच्या हातात निवेदन ठेवतं, फोटो निघतो. निवेदनाच्या डोक्यावर पुष्कळदा लिहिलेलं असतं: ‘प्रति, मा. राष्ट्रपती महोदय, नवी दिल्ली. मार्फत, मा. तहसीलदार.’ मागणी काहीही असो, राष्ट्रपतींनी लक्ष घालावं, कायदा रद्द करावा, नाहीतर सरकारच बरखास्त करावं. असा कागद दिल्लीत पोचलाच, तर राष्ट्रपती भवनाचं सचिवालय तो संबंधित मंत्रालयाकडे किंवा राज्य सरकारकडे ‘योग्य कार्यवाहीसाठी’ पाठवतं. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार, बहुतेक वेळा त्यांच्याच टेबलावर.

निवेदन देणाऱ्यांना हसण्यात अर्थ नाही. संविधान उघडून वाचलं तर त्यांचा समज खराच वाटेल. कलम ५३ म्हणतं, संघराज्याची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींच्या ठायी आहे आणि तिन्ही सैन्यदलांचं सर्वोच्च आधिपत्यही त्यांच्याकडेच. कलम ७५ प्रमाणे पंतप्रधान नेमतात ते राष्ट्रपती, आणि मंत्री पदावर राहतात ते राष्ट्रपतींची मर्जी असेतोवर. संसदेने मंजूर केलेलं विधेयक त्यांच्या सहीशिवाय कायदा होत नाही. संसद बसलेली नसताना वटहुकूम काढायचा तो त्यांनी, फाशी माफ करायची ती त्यांनी, आणीबाणी पुकारायची तीही त्यांनीच. केंद्र सरकारचा प्रत्येक आदेश ‘राष्ट्रपतींच्या आदेशानुसार व नावाने’ निघतो. एवढी पानं वाचून कोणी म्हणालं, की हा तर राजाच, तर त्याला चूक कसं म्हणणार?

पण ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा संविधान सभेत मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या सगळ्याचा अर्थ आधीच सांगून ठेवला होता. आपल्या राष्ट्रपतींचं नाव अमेरिकेच्या अध्यक्षासारखं असलं तरी स्थान इंग्लंडच्या राजासारखं आहे, असं ते म्हणाले. ते राष्ट्राचे प्रमुख आहेत, कारभाराचे नाहीत. ते राष्ट्राचं प्रतिनिधित्व करतात, राष्ट्रावर राज्य करत नाहीत. आपल्याकडच्या लग्नपत्रिकेत निमंत्रक म्हणून आजोबांचं नाव असतं, मुहूर्तापासून मेनूपर्यंत सगळं ठरवणारे मात्र दुसरेच असतात. तसंच काहीसं हे आहे. फरक इतकाच, की या पत्रिकेवर आजोबांची सही नसेल तर लग्नच लागत नाही. राष्ट्रपतींच्या अधिकारांबद्दलचे पंचाहत्तर वर्षांतले सगळे वाद या सहीभोवती फिरलेत.

गंमत म्हणजे, मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक आहे, असं मूळ घटनेत कुठेच लिहिलेलं नव्हतं. कलम ७४ एवढंच सांगायचं, की राष्ट्रपतींना साहाय्य आणि सल्ला देण्यासाठी पंतप्रधानांच्या नेतृत्वाखाली मंत्रिपरिषद असेल. सल्ला मानलाच पाहिजे का? कागदावर उत्तर नव्हतं. २६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेच्या समारोपाच्या भाषणात डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी ही जागा रिकामी असल्याचं मान्य केलं होतं, आणि राजाने मंत्र्यांच्या सल्ल्यानेच वागायचं हा इंग्लंडमधला संकेत इथेही रुजेल अशी आशा व्यक्त केली होती.

पुढे तेच राष्ट्रपती झाले आणि दोन वर्षांच्या आत त्यांनाच हा संकेत टोचू लागला. १९५१ मध्ये हिंदू कोड बिलाला त्यांचा कडवा विरोध होता. हे विधेयक आपण आपल्या बुद्धीने तपासू, असं त्यांनी पंतप्रधान नेहरूंना लिहून कळवलं. नेहरूंनी ॲटर्नी जनरल एम. सी. सेटलवाड आणि घटनातज्ज्ञ अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांची मतं मागवली. दोघांचंही म्हणणं एकच पडलं: राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाच्या सल्ल्याबाहेर जाता येणार नाही. त्या वेळी विधेयक संसदेतच रखडलं, बाबासाहेबांनी राजीनामा दिला तो त्याच सुमारास. पण १९५५-५६ मध्ये त्याचेच तुकडे वेगवेगळे कायदे म्हणून मंजूर झाले आणि त्यांवर सह्या राजेंद्रबाबूंच्याच आहेत. २८ नोव्हेंबर १९६० ला दिल्लीत भारतीय विधी संस्थेच्या कार्यक्रमात त्यांनी प्रश्न पुन्हा काढला: राष्ट्रपती आणि इंग्लंडचा राजा यांचे अधिकार खरोखर सारखेच आहेत का, याचा अभ्यास व्हावा. सरकारने तो विषय वाढू दिला नाही.

न्यायालयांनी मात्र उत्तर देऊन टाकलं. १९५५ च्या राम जवाया कपूर खटल्यात आणि नंतर १९७४ मध्ये शमशेर सिंग खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने नि:संदिग्ध सांगितलं, की राष्ट्रपती आणि राज्यपाल हे घटनात्मक प्रमुख आहेत आणि मोजके अपवाद सोडले तर ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागतील.

इथून पुढची गोष्ट जरा सावकाश बघण्यासारखी आहे.

२५ जून १९७५ च्या रात्री पंतप्रधान इंदिरा गांधींचं एक पत्र राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांच्याकडे गेलं. देशाच्या सुरक्षिततेला अंतर्गत अशांततेमुळे धोका आहे, आजच रात्री आणीबाणी पुकारणं गरजेचं आहे, असा त्याचा आशय. विषय मंत्रिमंडळापुढे नेणं मला आवडलं असतं, पण आज रात्री ते शक्य नाही, म्हणून कामकाज नियमांतल्या नियम १२ खाली मी त्यातून सूट घेत आहे, उद्या सकाळी मंत्रिमंडळाला सांगेन, हेही त्यात होतं. मध्यरात्रीच्या आत राष्ट्रपतींनी सही केली. मंत्रिमंडळाची बैठक झाली २६ जूनला सकाळी सहाला. तोवर देशभर अटकसत्र सुरू झालेलं होतं.

आता कलम ७४ आठवा. सल्ला देणार कोण? मंत्रिपरिषद. एकटे पंतप्रधान नव्हेत. त्या रात्री राष्ट्रपतींना ‘नाही’ म्हणायची गरजच नव्हती. ‘मंत्रिमंडळाचा ठराव कुठे आहे?’ एवढं विचारणं पुरेसं होतं. हा प्रश्न घटनेला धरून होता, सभ्य होता, आणि त्याने निदान काही तास तरी मिळाले असते. बरं, सल्ला बंधनकारक आहे हे शब्दही तेव्हा घटनेत नव्हते. ते घातले गेले १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने, म्हणजे आणीबाणी लागू झाल्यावर. घटनेचा मजकूर राष्ट्रपतींना जास्तीत जास्त मोकळीक देत होता त्या दिवसांत तिथे बसलेल्या माणसाने काहीच विचारलं नाही. १९७५ च्याच डिसेंबरमध्ये अबू अब्राहम यांचं एक व्यंगचित्र इंडियन एक्सप्रेसमध्ये आलं: बाथटबमध्ये बसलेले राष्ट्रपती वटहुकमावर सही करून कागद दाराबाहेर देताहेत आणि म्हणताहेत, आणखी असतील तर जरा थांबायला सांगा. त्या काळावर लिहिलेल्या अनेक अग्रलेखांपेक्षा ते चित्र लोकांच्या जास्त लक्षात राहिलं आहे, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

आणीबाणीनंतर आलेल्या जनता सरकारने १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीत दोन गोष्टी केल्या. एक, राष्ट्रपती मंत्रिमंडळाचा सल्ला फेरविचारासाठी एकदा परत पाठवू शकतात. फेरविचारानंतर तोच सल्ला आला तर मात्र मानावाच लागतो. दोन, कलम ३५२ खालची राष्ट्रीय आणीबाणी मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी हातात आल्याशिवाय पुकारता येणार नाही. १९७५ ची ती रात्र पुन्हा येऊ नये याची ही सोय.

ती केली फक्त राष्ट्रीय आणीबाणीपुरती. राज्यांत लागू होते ती राष्ट्रपती राजवट कलम ३५६ ची, आणि तिथे अशी लेखी निर्णयाची अट घातलेली नाही. नियम १२ ही जागच्या जागी राहिला. पंतप्रधानांना कोणत्याही प्रकरणात कामकाजाच्या नियमांतून सूट देण्याची मुभा देणारा हा नियम १९६१ चा. गंमत अशी, की हे नियम राष्ट्रपतींच्याच नावाने केलेले आहेत.

महाराष्ट्राने तो नियम जवळून पाहिला. २०१९ च्या विधानसभा निकालानंतर कोणाचंच सरकार बनेना, म्हणून १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. २३ नोव्हेंबरच्या सकाळी लोक उठले ते राजभवनावर देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्रिपदाची आणि अजित पवार उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेत असल्याची बातमी ऐकतच. राजवट उठल्याशिवाय शपथविधी होऊ शकत नाही. ती उठवणारी अधिसूचना पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांची होती. मंत्रिमंडळाची बैठक झालेली नव्हती. पंतप्रधानांनी नियम १२ वापरला, राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी सही केली, मंत्रिमंडळाची मान्यता नंतर घेतली गेली. १९७५ आणि २०१९ च्या प्रसंगांची तुलना करायचं कारण नाही. एकात नागरिकांचं स्वातंत्र्य गेलं, दुसऱ्यात फक्त राजवट उठली. पण कागद ज्या वाटेने फिरला ती वाट तीच होती, आणि दोन्ही वेळा सही करणाऱ्याने कागद थांबवून ‘मंत्रिमंडळ कधी बसलं?’ असं विचारलं नाही.

विचारलं तर काय होतं, याचीही उदाहरणं आहेत. ऑक्टोबर १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात कल्याण सिंग सरकारने सभागृहात, मारामारीच्या गदारोळात का होईना, विश्वासमत जिंकलं होतं, तरी गुजराल मंत्रिमंडळाने तिथे राष्ट्रपती राजवटीची शिफारस केली. राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी ती फेरविचारासाठी परत पाठवली. मंत्रिमंडळाने ती सोडून दिली. पुढच्या वर्षी वाजपेयी सरकारने बिहारसाठी तीच शिफारस केली, नारायणन यांनी तीही परत पाठवली. सरकार वेगळं, पक्ष वेगळा, प्रश्न तोच. फेब्रुवारी १९९९ मध्ये शिफारस पुन्हा आली तेव्हा त्यांनी घटनेप्रमाणे सही केली. राज्यसभेत बहुमत नसल्याने सरकारला ती राजवट महिन्याभरातच मागे घ्यावी लागली. परत पाठवण्याने निर्णय बदलतोच असं नाही, पण सरकारला आपला निर्णय उजेडात दुसऱ्यांदा घ्यावा लागतो. घाईत घेतलेल्या निर्णयांना हे सहसा सोसत नाही.

अब्दुल कलाम यांच्या कारकिर्दीत दोन्ही प्रकार घडले. मे २००५ मध्ये ते मॉस्कोत असताना बिहार विधानसभा बरखास्त करण्याची शिफारस रात्री फॅक्सने गेली आणि त्यांनी तिथूनच सही केली. विधानसभेची एक बैठकही झालेली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने ही बरखास्ती ऑक्टोबर २००५ मध्ये घटनाबाह्य ठरवली, सविस्तर निकाल जानेवारी २००६ मध्ये आला. कलम ३६१ मुळे राष्ट्रपतींना व्यक्तिश: न्यायालयात खेचता येत नाही, त्यामुळे ठपका आला तो राज्यपाल बुटासिंग यांच्यावर, आणि त्यांना पद सोडावं लागलं. त्याच वर्षी मे महिन्यात लाभाच्या पदांबद्दलचं (खासदारकी न गमावता कोणती सरकारी पदं घेता येतील, ते ठरवणारं) विधेयक कलामांनी संसदेकडे परत पाठवलं. संसदेने ते जसंच्या तसं पुन्हा मंजूर केलं, मग त्यांना सही करण्यावाचून पर्याय नव्हता. कलम १११ तेच सांगतं. धन विधेयक (फक्त कर आणि सरकारी खर्चाबद्दलचं) तर एकदाही परत पाठवता येत नाही, आणि १९७१ च्या २४ व्या घटनादुरुस्तीपासून घटनादुरुस्ती विधेयकावरही सही करावीच लागते.

पण याच कलमात एक मोठी फट आहे. सही किती दिवसांत करायची, हे त्यात नाही. अमेरिकेच्या अध्यक्षाला विधेयकावर निर्णय घ्यायला रविवार वगळून दहा दिवस मिळतात. आपल्या राष्ट्रपतींना मुदतच नाही. ग्यानी झैलसिंग यांनी ती फट वापरली. लोकांची पत्रं अडवून वाचण्याचे सरकारचे अधिकार वाढवणारं टपाल कार्यालय दुरुस्ती विधेयक १९८६ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं होतं. ग्यानीजींनी ते ना मंजूर केलं, ना परत पाठवलं. नुसतं ठेवून दिलं. जुलै १९८७ मध्ये त्यांची मुदत संपली तरी ते तिथेच होतं, आणि त्याचा कायदा कधीच झाला नाही. परिणाम चांगला झाला असं मला वाटतं, पण पद्धत धोक्याची आहे. आपल्याला नावडतं विधेयक अडलं म्हणून टाळी वाजवली, तर उद्या आवडतं विधेयक अडल्यावर तक्रार कशी करणार?

राष्ट्रपतींना खरोखर स्वतःच्या डोक्याने निर्णय घ्यावा लागतो तो एकाच प्रसंगी: लोकसभेत कोणालाच बहुमत नसताना. तेव्हा सल्ला द्यायला भरवशाचं मंत्रिमंडळच नसतं. जुलै १९७९ मध्ये यशवंतराव चव्हाणांनी अविश्वास ठराव मांडला, मोरारजी देसाईंनी राजीनामा दिला. नीलम संजीव रेड्डींनी सरकार बनवण्याची शक्यता अजमावायला पहिलं बोलावणं चव्हाणांनाच धाडलं. त्यांना आकडा जमवता आला नाही. मग चरणसिंग पंतप्रधान झाले (चव्हाण उपपंतप्रधान), इंदिरा काँग्रेसने पाठिंबा काढला आणि लोकसभेला सामोरं न जाताच २० ऑगस्टला चरणसिंगांनी राजीनामा देऊन बरखास्तीची शिफारस केली. जनता पक्षाचे नेते जगजीवनराम आपल्यामागे बहुमत असल्याचं सांगत होते. त्यांना संधी न देता रेड्डींनी लोकसभा बरखास्त केली. ज्याने एकदाही बहुमत सिद्ध केलं नाही अशा पंतप्रधानाचा सल्ला बंधनकारक मानायचा का, हा वाद तेव्हा झडला आणि आजही मिटलेला नाही. १९९६ मध्ये शंकरदयाळ शर्मांनी सर्वांत मोठ्या पक्षाचे नेते म्हणून वाजपेयींना बोलावलं, ते सरकार १३ दिवस टिकलं. १९९८ मध्ये नारायणन यांनी आधी पाठिंब्याची पत्रं मागितली. घटनेत यातलं काहीच लिहिलेलं नाही, ज्या त्या राष्ट्रपतींनी आपापली रीत पाडली.

फाशीच्या माफीबद्दल लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज असतो. राष्ट्रपतींच्या मनात आलं म्हणून माफी मिळत नाही. फाईल केंद्रीय गृह मंत्रालयाच्या शिफारशीसह येते आणि ती शिफारस मानावी लागते, हे न्यायालयाने १९८० मध्येच स्पष्ट केलंय. कसाबचा दयेचा अर्ज नोव्हेंबर २०१२ मध्ये फेटाळला गेला आणि २१ तारखेला येरवड्यात त्याला फाशी झाली, तिथेही सही प्रणव मुखर्जींची असली तरी शिफारस सरकारची होती. मात्र इथेही मुदत नाही, आणि फायली वर्षानुवर्षं पडून राहतात. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की दयेच्या अर्जाला अवाजवी उशीर झाला तर फाशीची जन्मठेप करता येते. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या बहिणींची फाशी मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये त्याच कारणाने रद्द केली. त्यात राज्य सरकारची दिरंगाई मोठी होती.

राष्ट्रपतींनी घटनेचा भंग केला तर कलम ६१ खाली महाभियोग आहे. दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येच्या दोन-तृतीयांश मतं लागतात. आजवर कोणावर चालवलेला नाही.

सगळ्यांत कमी चर्चा होते ती राज्यांच्या विधेयकांची, आणि तिथेच ‘राष्ट्रपती’ या नावाआड केंद्राची ताकद सर्वाधिक लपलेली आहे. राज्यपाल एखादं विधेयक राष्ट्रपतींसाठी राखून ठेवू शकतात. मग कलम २०१ लागू होतं. संसदेचं विधेयक दुसऱ्यांदा आलं तर राष्ट्रपतींना सही करावी लागते. राज्याचं विधेयक विधानमंडळाने पुन्हा मंजूर करून पाठवलं, तरी सहीचं बंधन नाही. एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींनी तीन महिन्यांत निर्णय घ्यावा असं म्हटलं. त्यावर राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या नावाने कलम १४३ खाली १४ प्रश्न न्यायालयाकडे गेले. सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २० नोव्हेंबर २०२५ ला उत्तर दिलं: घटनेत नसलेली मुदत न्यायालय घालू शकत नाही, आणि वेळ उलटली म्हणून सही झाली असं गृहीतही धरता येत नाही.

महाराष्ट्राचं शक्ती विधेयक असंच अडकलं. महिला आणि बालकांवरच्या अत्याचारांसाठी शिक्षा कडक करणारं हे विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये विधानमंडळाने मंजूर केलं आणि ते राष्ट्रपतींच्या मंजुरीसाठी दिल्लीला गेलं. वर्षं उलटली, मंजुरी आली नाही. दरम्यान १ जुलै २०२४ पासून देशभर भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ज्या भारतीय दंड संहितेत शक्ती विधेयक बदल करणार होतं, ती दंड संहिताच मोडीत निघाली. अशा विधेयकापुढे ‘राष्ट्रपतींकडे प्रलंबित’ असा शेरा दिसला, तर फाईल कुठे आहे हे केंद्रीय गृह मंत्रालयात विचारायचं. इतर मंत्रालयांची मतं मागवणं, राज्याला शंका विचारणं, हे सगळं तिथेच चालतं.